उसाची बैलगाडी डांबरी रस्त्याने नेताना: तोडणीच्या फडापासून कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत

भरलेली बैलगाडी ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालते, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर. मागून ताशी 80 ने येणारा पिकअप एका सेकंदात 22 मीटर कापतो. दिवे डिपरवर असतील तर त्याच्या चालकाला बिनरिफ्लेक्टरची गाडी जेमतेम 40-50 मीटरवर आल्यावर दिसते. पुढे काहीतरी आहे हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो. तेवढ्यात 33 मीटर संपले. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी 35 मीटर तरी लागतात. लागणार जवळजवळ 70 मीटर आणि हाताशी आहेत 45. चालक कितीही शहाणा आणि शुद्धीवर असला तरी हा हिशेब जुळत नाही. ट्रक भरलेला असेल तर आणखीच जुळत नाही.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो. बैलगाडीला पळून वाचता येत नाही आणि झटकन बाजूलाही होता येत नाही. आपल्या हातात खरं एकच आहे, ते म्हणजे लांबून दिसणं. मागच्या माणसाला आपण 150 मीटरवरून दिसलो तर वरच्या हिशेबातला प्रत्येक आकडा आपल्या बाजूने फिरतो. खाली लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी शेवटी इथेच येऊन मिळतात.

हा लेख हंगामात उसाची टायरगाडी हाकणाऱ्यांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांसाठी आहे. बीड, अहिल्यानगरकडून दिवाळीच्या सुमाराला निघून सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या कारखान्यांवर उतरणाऱ्या टोळ्यांना गावाकडच्या गाडीवाटेची सवय असते. इथे मात्र पहिल्याच खेपेला चारपदरी रस्ता पुढ्यात येतो.

उसाखाली झाकलेला रिफ्लेक्टर

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. चुलत्यांची गाडी ओळीत शेवटची होती. पहाटेच्या अंधारात मागून आलेल्या पिकअपने तिच्या उजव्या अंगाला धडक दिली. गाडी कलंडली, बैल सुटले म्हणून वाचले, चुलत्यांचा पाय मोडला. उजाडल्यावर आम्ही ऊस उपसला, तेव्हा साट्याच्या (ऊस भरायच्या सांगाड्याच्या) मागच्या फळीवर दोन्ही लाल रिफ्लेक्टर जागच्या जागी सापडले. एकालाही तडा नव्हता. हंगामाच्या सुरुवातीला लावून दिलेले, नवेकोरे. त्यांच्यावर हात-दीड हात ऊस लोंबत होता आणि त्यावर बैलांसाठी बांधलेले वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. ज्या गाडीला कुणी रिफ्लेक्टर नाही असं म्हणू शकलं नसतं, त्या गाडीचा रिफ्लेक्टर रस्त्यावरच्या एकाही माणसाला दिसत नव्हता.

चूक इथेच होते. रिफ्लेक्टर रिकाम्या गाडीला लावले जातात आणि धोका भरलेल्या गाडीला असतो. ऊस साट्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना बाहेर येतो, त्यामुळे साट्यावर लावलेलं सगळं झाकलं जातं. यावर उपाय सोपा आहे. एक वेगळी फळी करायची.

गाडीच्या रुंदीएवढी, चार-पाच फुटांची लाकडी पट्टी किंवा पत्र्याची हलकी पट्टी घ्या. तिच्यावर लाल रेडियम पट्टी टोकापासून टोकापर्यंत चिकटवा. वाहनांच्या नंबरप्लेटचं काम करणाऱ्या कुठल्याही रेडियमवाल्याकडे मिळेल, पण ट्रकच्या मागे लावतात ती दोन इंची मागा. नुसतं चमकणारं स्टिकर दिवसा झकास दिसतं आणि रात्री काही कामाचं नसतं. फळीच्या दोन्ही टोकांना भोकं पाडून दोरी ओवा. गाडी भरून, आवळून झाली की सगळ्यात शेवटी ही फळी उसाच्या बाहेरच्या टोकांवर बांधायची. गाडी रिकामी झाली की सोडून साट्यात टाकायची. खेपेला दोन मिनिटांचं काम आहे.

फळी किती उंचीवर बांधायची हे नीट लक्षात घ्या, कारण इथे बहुतेकांचं चुकतं. उंचावर बांधलं की लांबून दिसेल असं वाटतं, म्हणून चिंधी किंवा रिफ्लेक्टर उसाच्या माथ्यावर खोचला जातो. पण डिपरवरचे दिवे रस्त्यावर खाली रोखलेले असतात, आठ फुटांवरच्या पट्टीपर्यंत त्यांचा उजेड धड पोचतच नाही. आणि रेडियमला स्वतःचा उजेड नसतो. समोरून पडलेला उजेड ते आल्या वाटेने परत पाठवतं, एवढंच. उजेड पडला नाही तर परत काय जाणार? फळी कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर हवी. आडवी बांधा आणि गाडीच्या पूर्ण रुंदीची ठेवा, म्हणजे पुढे केवढी रुंद वस्तू आहे हे मागच्याला आकारावरून कळेल.

बाजूंना पिवळी पट्टी आणि पुढे पांढरी, असं ट्रकच्या नियमातलं रंगांचं वाटप आहे. तेच पाळा, कारण चालकांच्या डोळ्याला त्याचीच सवय आहे. बाजूची पट्टी चौकात आणि फडातून रस्त्यावर येताना उपयोगी पडते. पुढची पट्टी जुवावर किंवा धुरेच्या, म्हणजे गाडीच्या पुढे आलेल्या दांड्याच्या, टोकाला गुंडाळा. चाकांच्या आऱ्यांवर किंवा रिमवर चार-चार इंचांचे तुकडे लावले तर ते फिरताना लुकलुकतात आणि बघणाऱ्याला झटकन कळतं की हे चाक आहे, रस्त्याकडेचा खांब नव्हे.

आता दिवा. सायकलला मागे लावतात तसले दोन लाल एलईडी ब्लिंकर घ्या आणि फळीच्या दोन टोकांना बांधा. दोनच का? एकटा लाल दिवा अंधारात मोटारसायकलसारखा दिसतो. मागचा चालक ती मोटारसायकल समजून थोडा उजवीकडे घेतो आणि तुमच्या गाडीची उजवी बाजू त्याच्या वाटेत येते. दोन दिवे म्हणजे दोन कडा. मागच्या बाजूला पांढरा दिवा किंवा मोबाइलची बॅटरी कधीही लावू नका. पांढरा उजेड दिसला की समोरून कुणीतरी येतंय असंच वाटतं. धुरेखाली टांगलेला कंदील बैलांना आणि तुम्हाला वाट दाखवायला बरा, पण मागून तो दिसत नाही. आणि लाल फडकं दिवसा चालतं, रात्री ते काळं असतं.

एवढं केलं की स्वतः तपासा. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी अंधार पडल्यावर भरलेली गाडी उभी करा, दीडशे पावलं मागे जा, बॅटरी कानाजवळ डोळ्याच्या रेषेत धरा आणि गाडीवर मारा. बॅटरी छातीशी धरून उपयोग नाही, रेडियमचा उजेड जिथून आला तिथेच परत जातो. पट्टी झळकली तर ठीक. मळकट, तुटक दिसली तर ओल्या फडक्याने पुसून पुन्हा बघा. फडातला चिखल आणि रस्त्यावरचा धुरळा आठ दिवसांत पट्टीची चमक मारून टाकतो. म्हणून बैलांना पाणी दाखवताना पट्टीवरूनही एक ओलं फडकं फिरवायचं.

गाडी भरताना

मागे जास्त भरली तर गाडी उलाळते, म्हणजे धुरा वर उचलली जाते, जोतं (गळ्याखालचा पट्टा) बैलांच्या गळ्याला आवळतं आणि खूर जमिनीवर धड टेकत नाहीत. पुढे जास्त भरली तर सगळं ओझं मानेवर येतं. रस्त्यावर दोन्हीचा परिणाम एकच, बैल हाताबाहेर जातो. भरून झाल्यावर धुरेखालचा टेकू काढून धुरा एका माणसाने हातावर तोलून बघावी. जड लागावी, पण उचलता यावी.

वजनाबद्दल कायदा स्पष्ट आहे. ओढकामाच्या जनावरांसाठीचे केंद्राचे नियम 1965 चे आहेत. 200 ते 350 किलो वजनाच्या मध्यम बैलाला हवेच्या टायरच्या दुचाकी गाडीत 1050 किलो आणि त्याहून मोठ्या बैलाला 1350 किलो ही मर्यादा त्यात दिली आहे. दिवसाला 9 तासांपेक्षा जास्त काम नको, सलग 5 तासांच्या वर नको, आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तेव्हा दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही, हेही त्यातच आहे. टनावर पैसे मिळतात तेव्हा हे आकडे पाळणं किती अवघड आहे याची मला कल्पना आहे. पण जास्तीचा ऊस रस्त्यावर काय करतो तेही बघा. गाडी चौकातून बाहेर पडायला दुप्पट वेळ घेते, उतारावर बैलांना लोटते, आणि जुना टायर भर रस्त्यात फुटतो. ज्या खेपेला रस्ता मोठा किंवा चढ-उताराचा आहे, निदान त्या खेपेला दोन मोळ्या खाली ठेवा.

रुंदीलाही मर्यादा ठेवा. उसाची टोकं चाकाच्या बाहेर उजवीकडे हातभर आली तर ओलांडून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या बरोबर तोंडाच्या उंचीला येतात. उजवी बाजू कोयत्याने सरळ छाटून घ्या.

निघण्याआधी टायरची हवा, चाकांचे नट, आखाचं ग्रीस, शिवळा (जुवातल्या खुंट्या) आणि जोती बघून घ्यावी. दोरी झिजलेली असेल तर तळावरच बदला. गाडी कारखान्याची आणि बैल तुमचे असा व्यवहार असेल तर टायरची तक्रार चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) तोंडी सांगून सोडू नका, कारखान्याच्या गटऑफिसात लिहून घ्यायला लावा.

बैलांना रस्ता शिकवावा लागतो

बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ 330 अंशांचा घेर दिसतो. दिसत नाही ते नेमकं पाठीमागचं. आणि गाडी जुंपली की मागे उसाची भिंतच उभी राहते. मागून येणारं वाहन त्याला येताना दिसतच नाही, ते एकदम उसाच्या कडेतून त्याच्या डोळ्याशेजारी उगवतं. वर हॉर्न. बैल बुजतो तो याला.

रात्री आणखी एक गोष्ट होते, ती एकदा गाडीवर बसूनच बघायला हवी. मागच्या दिव्यांचा उजेड पडला की बैलांच्या पायांच्या लांबच लांब सावल्या पुढे रस्त्यावर पडतात. वाहन जवळ येऊन उजवीकडे घेतं तशा त्या सावल्या सरकन डावीकडे फिरतात. नवख्या बैलाला वाटतं पायाखालून काहीतरी पळालं, आणि तो सावलीपासून दूर, म्हणजे नेमका वाहनाच्या बाजूला उडी घेतो. उजेड मागून वाढायला लागला की कासरा थोडा आखडा आणि बैलांशी बोलत राहा. रोजचा, एकाच ठेवणीतला आवाज. ज्या जोडीला आवाजाची सवय आहे ती अर्ध्याहून जास्त वेळा नुसत्या आवाजाने सावरते.

नवी जोडी असेल तर पहिले चार-पाच दिवस तिला थेट भरलेल्या गाडीला जुंपून महामार्गावर नेऊ नका. आधी रस्त्यापासून वीस-पंचवीस पावलांवर बांधून वैरण घाला. खाता खाता ट्रक, ट्रॅक्टर, गाणी लावलेल्या ट्रॉल्या जाऊ देत. मग दिवसा रिकामी गाडी घेऊन जुन्या जोडीच्या मागे चालवा. नंतर अर्धी भरून. रात्रीची खेप सगळ्यात शेवटी. दोघांतला जो बैल थंड डोक्याचा आहे तो उजवीकडे, वाहनांच्या बाजूला हवा. मात्र डावा-उजवा अंगवळणी पडलेल्या जोडीची बाजू ऐन हंगामात बदलू नका. बैल विकत घेतानाच हे विचारायला हवं.

पराणीला, म्हणजे बैल हाकायच्या काठीला, आर (टोकदार खिळा) असेल तर काढून टाका. टोकदार काठीला नियमाने बंदी आहेच, पण रस्त्यावर त्याचं आणखी एक कारण आहे. टोचलेला बैल पुढे पळत नाही, बाजूला उडतो.

खुरांकडे दर पंधरवड्याला बघा. नाल झिजून गुळगुळीत झाले की डांबरावर बैल घसरतो. कारखान्याजवळच्या रस्त्यावर तर चिखल, उसाचा रस आणि ऑइल यांचा थरच असतो. बसलेला बैल भर रस्त्यात उठवणं हे काय संकट असतं ते ज्याने अनुभवलं आहे तोच जाणे.

कुठल्या वाटेने, कुठल्या वेळी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर बैलगाडीला प्रवेशच नाही. बाकीच्या चारपदरी रस्त्यांना सेवारस्ता असेल तर तोच घ्या, अर्धा किलोमीटर लांब पडला तरी. फड नवा असला की पहिल्या खेपेआधी कुणीतरी मोटारसायकलवरून सगळी वाट बघून यावी. अरुंद पूल कुठे आहेत, वळण कुठे आहे, दुभाजकाची फट कुठे आहे, रात्री उजेड कुठे आहे. आणि जिथे गाडी सुरक्षित बाजूला घेऊन थांबता येईल अशा दोन-तीन जागा हेरून ठेवा.

दोन वेळा वाईट असतात. पहाटे 3 ते 5 या वेळात वाहनचालकही पेंगत असतात आणि गाडीवानही. दुसरी वेळ दिवस मावळतानाची. पश्चिमेकडे जाणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत सूर्य असतो आणि त्याला पुढचं काही दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत सहाच्या सुमारालाच अंधारून येतं. गाडी उजेडात काट्यावर पोचेल अशा बेताने तोड सुरू करता आली तर फार उत्तम, पण नंबर लागण्याची वेळ आपल्या हातात नसते. धुकं असेल किंवा कडेला कुणी पाचट पेटवून धूर केला असेल तर मात्र थांबायचं. धुरात शिरायचं नाही. धुरात रेडियम चालत नाही आणि ब्लिंकर दहा पावलांवर विझल्यासारखा होतो.

चालताना

डावी कड धरा, पण कडेला चिकटू नका. डांबर संपून मुरमाची साइडपट्टी सुरू होते तिथे बऱ्याच ठिकाणी चार बोटांची पायरी पडलेली असते. भरलेल्या गाडीचं डावं चाक तिथे उतरलं की वरचा ऊस डावीकडे झुकतो. खाली उतरायचंच असेल तर आधी पायरी कमी आहे अशी जागा बघा आणि तिरपं, हळू उतरा. साइडपट्टी चांगली, रुंद, दाबलेली असेल तर पूर्ण गाडी खाली घेऊन चाला.

आठ-दहा गाड्या एकामागे एक लावून जायची आपल्याकडे पद्धत आहे. सोबत असते, अडचणीला हात मिळतो. पण मागून बघा. दहा गाड्या म्हणजे शंभर मीटरहून लांब ओळ. ती एका दमात ओलांडणाऱ्याला तेवढा वेळ समोरच्या पदरात राहावं लागतं, आणि समोरून कुणी आलं की तो डावीकडे घुसतो, म्हणजे तुमच्या बैलांवर. म्हणून तीन गाड्यांचा एक घोळका करा आणि दोन घोळक्यांत शंभर-दीडशे पावलं अंतर ठेवा. शेवटच्या गाडीवर सगळ्यात जागा माणूस, सगळ्यात चांगली फळी आणि सगळ्यात नवा ब्लिंकर. ती जागा आळीपाळीने फिरवा, पण सामान शेवटच्या गाडीचंच राहू द्या.

झोपेबद्दल लिहिलंच पाहिजे. बैलांना वाट ठाऊक असते म्हणून गाडीवान उसावर आडवा होतो. दिवसभर कोयता चालवलेल्या माणसाची झोप ही हौस नसते. पण बैल वाट ओळखतात, डावी-उजवी बाजू ओळखत नाहीत. मऊ लागतं, उतार लागतो, समोर वैरण दिसते तसे ते रस्त्याच्या मधे सरकतात. दोघं असाल तर तासाला पाळी बदला. एकटेच असाल आणि डोळे मिटायला लागले तर उतरून बैलांच्या डाव्या अंगाने चालायला लागा. तेही जमेना तर हेरून ठेवलेल्या जागी गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घ्या, बैल सोडा आणि अर्धा तास झोपा. अर्धा तास उशिरा नंबर लागेल.

लेकरांना उसाच्या माथ्यावर बसवू नका. तळावर त्यांना सांभाळायला कुणी नसतं म्हणून ती सोबत येतात हे खरं आहे. मग निदान साट्याच्या पुढच्या भागात, गाडीवानाच्या पाठीशी बसवा. आठ फुटांवरून झोपेत खाली पडलेलं लेकरू मागच्या वाहनाला दिसतही नाही.

उजवीकडे वळणं

सगळ्या खेपेत सर्वांत धोक्याची जागा ही. कारखान्याच्या फाटकाशी किंवा फडाच्या वाटेशी उजवीकडे वळायचं असतं.

हिशेब असा मांडा. बैलांच्या तोंडापासून उसाच्या शेंड्यापर्यंत गाडी साधारण 8 मीटर. दोनपदरी रस्ता 7 मीटर. गाडी पूर्ण पलीकडे जायला 15 मीटर चालायला हवं, म्हणजे 15 सेकंद. थांबलेली भरली गाडी हलायला आणखी चार-पाच सेकंद. झाले वीस. ताशी 80 ने येणारं वाहन वीस सेकंदांत 440 मीटर येतं. म्हणजे दोन्ही बाजूंना जवळजवळ अर्धा किलोमीटर रस्ता मोकळा दिसत असेल तरच बैल हाकायचे. लांबवर दिवा दिसतोय, अजून वेळ आहे, असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा वेळ नसतोच, कारण अंधारात दिव्यावरून अंतर कळत नाही.

त्यामुळे पद्धत ठरवून घ्या. वळणाच्या आधी पन्नास-साठ पावलांवर डाव्या कडेला पूर्ण थांबा. रस्त्याच्या मधे जाऊन वाट बघत उभं राहणं घातक आहे. एक माणूस उतरेल, अंगात रेडियम पट्ट्यांचं जाकीट, हातात बॅटरी. तो मागे शंभर पावलांवर जाऊन डाव्या कडेला उभा राहील आणि बॅटरी खाली-वर हलवून वेग कमी करायची खूण करेल. बॅटरी चालकाच्या डोळ्यांत मारायची नाही, रस्त्यावर मारायची. दुसरा माणूस बैलांच्या पुढे उभा राहून समोरची बाजू बघेल. दोघांनीही हाक दिली तरच गाडी हलवायची, आणि शक्य तेवढी काटकोनात न्यायची. तिरपी गेलात तर रस्त्यावरचा वेळ वाढतो. एका वेळी एकच गाडी. पुढची गेली म्हणून मागच्याने लगेच बैल हाकायचे नाहीत, पुन्हा नव्याने दोन्ही बाजू बघायच्या.

एकटे असाल तर वळणावर, पुलाच्या तोंडाशी किंवा चढाच्या माथ्यावर ओलांडू नका. पुढे जाऊन सरळ जागी ओलांडा आणि परत या. कारखान्याच्या फाटकाशी रात्री माणूस आणि उजेड असावा ही मागणी मुकादमांनी हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात शेतकी अधिकाऱ्यांकडे लेखी करावी. ती अवाजवी मागणी नाही, गाड्या तिथे त्यांच्याच कामासाठी वळतात.

उतार आणि पूल

उतारावर ओझं बैलांना ढकलतं आणि जू मानेवरून शिंगांकडे सरकतं. हाताने ओढायचा ब्रेक असलेली गाडी असेल तर उतार सुरू होण्याआधीच लावा, मधे लावून उपयोग होत नाही. ब्रेक नसेल तर मोठ्या उताराची वाट भरल्या गाडीने घ्यायचीच नाही. अरुंद पुलावर शिरण्याआधी थांबा, मागची वाहनं जाऊ द्या आणि मग पुलाच्या मधोमध चाला. तिथे कड धरली की मागचा ओलांडायला बघतो आणि दोघंही अडकता.

गाडी बंद पडली तर

टायर फुटला, आख गेला, बैल बसला. पहिली गोष्ट म्हणजे बैल सोडा आणि रस्त्यापासून दूर नेऊन बांधा. मग चाकांना दगड लावा. ऊस उतरवायची घाई नको, आधी मागे किमान शंभर पावलांवर बॅटरी किंवा ब्लिंकर घेऊन माणूस उभा करा. त्याने डांबराबाहेर, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून उभं राहायचं. गाडीच्या मागे, तिच्या आणि येणाऱ्या वाहनांच्या मधे, कुणीही वाकून काम करू नये. मागे फांद्या टाकून खूण केली असेल आणि चाकाखाली दगड लावले असतील, तर निघताना ते सगळं उचलून बाजूला टाका. रात्री मोटारसायकलवाला त्या दगडावरच जातो.

मोटार चालवणाऱ्यांना

हंगामात कारखान्याच्या पट्ट्यातून रात्री जात असाल तर वेग 50 च्या आत ठेवा. गाडी दिसली की लांबूनच वेग कमी करा, बैलांच्या शेजारी हॉर्न वाजवू नका, आणि ओलांडल्यावर लगेच डावीकडे घेऊ नका, बैल पूर्ण मागे पडू द्या. एक गाडी दिसली की पुढे आणखी आहेत असंच समजा.

अपघात झालाच तर

सगळ्यात आधी मागची वाहनं थांबवा, कारण दुसरी धडक पहिल्यापेक्षा वाईट असते. मग 108 किंवा 112. जुवात अडकून पडलेल्या बैलाची जोती कोयत्याने कापा, सोडवत बसू नका, त्याचा श्वास कोंडतो. जाताना पाठीच्या बाजूने जा, पायांच्या बाजूने नको. जनावरांसाठी 1962 वर फोन करा.

मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमींसाठी 2025 पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे, 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांची. दवाखान्यात पैसे नाहीत म्हणून थांबू नका, या योजनेबद्दल विचारा. धडक देणारा पळून गेला आणि सापडला नाही तर मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार भरपाई मिळते, अर्ज तहसील कचेरीतून पुढे जातो. वाहन सापडलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात 6 महिन्यांच्या आत दावा दाखल करा. त्यात माणसाबरोबर बैल आणि गाडीचं नुकसानही मागता येतं. पण त्याला कागद लागतात: पोलीस पंचनामा, आणि बैल दगावला तर सरकारी पशुवैद्यकाचा शवविच्छेदनाचा दाखला. बैलाला रस्त्यावरून हलवायची घाई होते आणि नेमका हाच दाखला राहून जातो. हंगामासाठी बैलजोडीचा विमा काढला असेल तर त्यालाही तोच लागतो, म्हणून विम्याचा कागद पहिल्याच आठवड्यात मुकादमाकडून मागून घ्या.

गावाकडून निघण्याआधी प्रत्येक बैलाच्या कानातल्या बिल्ल्याचा, त्यावरचा 12 आकडी नंबर वाचता येईल असा, जवळून एक फोटो काढा. दुसरा फोटो तुम्ही स्वतः बैलाशेजारी उभे असलेला. दोन्ही फोटो तुमच्या फोनमध्ये असू द्या आणि घरी राहणाऱ्या एखाद्या माणसाच्या फोनवरही पाठवून ठेवा, कारण अपघातात तुमचा फोन फुटलेला असू शकतो.